ड्रोन विकला पण नाव माझंच राहिलं: होटगी रोडवरच्या एका हळदीचं प्रकरण

मागच्या डिसेंबरात, लग्नसराई जोरात असताना, रात्री पावणेदहाला मला पोलीस ठाण्यातून फोन आला. पलीकडचे हवालदार साधेपणाने विचारत होते, "तुमच्या नावावर ड्रोन आहे का, आणि तो आत्ता कुठंय?" हो म्हणावं की नाही तेच कळेना, कारण तो ड्रोन मी चार महिन्यांपूर्वी विकून मोकळा झालो होतो, पैसे खात्यात आले होते, बॉक्स, रिमोट, तीन बॅटऱ्या सगळं देऊन टाकलं होतं. तरी खरं उत्तर हो असंच होतं, कागदावर तो माझाच होता.

सोलापुरात आमचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे, लग्नं, बारशी, वास्तुशांती हेच काम. हे सगळं सविस्तर लिहितोय कारण आपल्या धंद्यातल्या निदान दहा जणांनी मला सांगितलं की आम्हीपण असाच विकलाय किंवा असाच घेतलाय. माणसांची नावं, कार्यालयाचं नाव लिहिणार नाही, त्याची गरज नाही.

आधीची गोष्ट

ड्रोन मी 2019 मध्ये घेतला, बाहेरच्या कंपनीचा, वजन 900 ग्रॅमच्या आसपास. तेव्हा कायदा काय हे कुणालाच धड माहीत नव्हतं, सगळे उडवायचे म्हणून आपणही उडवायचो. मग जानेवारी 2020 मध्ये सरकारने 14 ते 31 तारखेपर्यंत खिडकी उघडली, ज्याच्याकडे ड्रोन आहे त्याने स्वतःहून ऑनलाइन सांगावं म्हणून. इकडे गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, कामाला उसंत नाही, पण भावाने मागं लागून लागून तो फॉर्म भरून घेतला, आणि आज मी त्याचे उपकार मानतो. त्यातून डीएएन नावाचा नंबर मिळाला, म्हणजे आपल्याकडे ड्रोन आहे हे कळवल्याची सरकारी पोच. पुढं 25 ऑगस्ट 2021 ला ड्रोन रूल्स 2021 आले आणि त्यात असं होतं की 30 नोव्हेंबर 2021 पर्यंत देशात आलेले जुने ड्रोन, ज्यांच्याकडे डीएएन आहे, जीएसटी भरलेलं बिल आहे आणि जे मंजूर यादीत आहेत, त्यांनी 31 डिसेंबर 2021 च्या आत अर्ज करून यूआयएन घ्यावा. यूआयएन म्हणजे ड्रोनचा स्वतःचा नोंदणी नंबर, गाडीला पासिंगचा नंबर असतो तसा. मी तो घेतला, फी 100 रुपये होती.

मग फेब्रुवारी 2022 मध्ये बाहेरून तयार ड्रोन आणायलाच बंदी आली. म्हणजे झालं काय, की बाजारात बिननंबरचे ड्रोन ढिगाने आणि नंबरवाले मोजके. सेकंडहँडमध्ये विकताना लोक "यूआयएनसकट" असं सांगून पाच-दहा हजार जास्त मागायला लागले. मीही मागितले. माझा ड्रोन 48 हजाराला गेला, दोन हप्त्यात यूपीआयने, घेणारा विजापूर रोडकडचा एक पोरगा, वय 22, हाताला चांगला, माझ्याकडेच दोन सीझन असिस्टंट होता, मला अण्णा म्हणतो. तो म्हणाला, "अण्णा, नंबरचं नंतर बघू की, आधी सीझन मारून घेतो." मी हो म्हणालो. हे माझं चुकलं, आणि पुढचं सगळं इथूनच सुरू झालं.

मोटरसायकल विकताना आपण निदान टीटी फॉर्मवर सही तरी करून देतो. इथं तेवढंही केलं नाही. आणि खरं तर ड्रोनचं ट्रान्सफर सोपं आहे, नियमात फॉर्म डी-3 दिलेला आहे, तोच फॉर्म ट्रान्सफरला आणि नोंदणी रद्द करायलाही चालतो, सरकारी पोर्टलवर भरायचा, एजंट लागत नाही. पण लागणार नाही तोवर कोण बघतंय.

त्या संध्याकाळी

हळद होटगी रोडच्या एका लॉनवर होती. लॉनच्या मागच्या कंपाउंडला लागून घरांची रांग, त्यातल्या एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत त्या घरची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ सोळा दिवसांचं. साडेआठच्या सुमाराला आमच्या पोराने वरून गोल फिरणारा शॉट घ्यायला ड्रोन उचलला आणि कंपाउंडच्या कडेला, त्या खिडकीच्या बरोबर उंचीवर, थांबवला. त्याच्या डोळ्यासमोर स्क्रीनवर मांडव होता, पाठीमागं काय आहे ते त्याने बघितलंच नाही. आतल्या बाईला मात्र खिडकीबाहेर हिरवा-लाल दिवा आणि किर्रर्र आवाज, बाळ दचकून उठलं, तिने पदर सावरून खिडकी लावली. ड्रोन मांडवावर गेला, पाच मिनिटांनी परत तिथंच. असं तीनदा झालं.

तिचे वडील खाली आले. ते पूर्व भागात यंत्रमागावर तीस वर्षं काम केलेले, कानाने आता कमी ऐकतात. त्यांनी मला नंतर सांगितलं ते मी विसरत नाही: "मागाचा आवाज दणदण असतो, त्याची सवय होते, आपण त्याच्या वर बोलायला शिकतो. ह्याचा आवाज वेगळा, हा सुईसारखा आत शिरतो, आणि कुठून येतोय तेच कळत नाही म्हणून जास्त भीती वाटते." त्यांनी लॉनवर जाऊन सांगितलं, बँडच्या आवाजात कुणी ऐकलं नाही. मग जावयाने पोलिसांना फोन लावला. 2024 मध्ये मराठवाडा, नगर, पुण्याकडच्या गावागावात रात्री ड्रोन फिरतात म्हणून केवढी घबराट झाली होती हे आठवत असेल, त्यामुळे रात्री ड्रोन म्हटलं की आता कुणीच हलक्यात घेत नाही, आणि घेऊही नये.

पोलीस आले, ड्रोन ताब्यात घेतला, बॅटरी काढली तर आत माझ्या स्टुडिओचं स्टिकर, त्यावर माझा मोबाइल, शेजारी यूआयएनची पट्टी. त्या पोराला विचारलं कागद दाखव, तर त्याच्या फोनमध्ये माझ्याच नावाच्या सर्टिफिकेटचा फोटो. "हे तुझं नाव आहे का?" "नाही साहेब, अण्णांचं." आणि मग मला फोन.

कायदा कुठं कुठं लागला

मला आधी वाटलं तक्रार आवाजाची आहे, माफी मागितली की मिटेल. ठाण्यात बसल्यावर एकेक पदर उलगडत गेला. अधिकारी समजूतदार होते, नियमाची पीडीएफ त्यांच्याकडे होती आणि ते मला वाचून दाखवत होते, मला त्यातलं निम्मं पहिल्यांदाच कळत होतं याची लाज वाटली.

सगळ्यात मोठी गोष्ट आवाजाची नव्हतीच, जागेची होती. चालू विमानतळाच्या कुंपणापासून 8 किलोमीटरच्या आत कुठल्याही उंचीवर ड्रोन उडवायला परवानगी लागते. 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत मोकळं, त्याच्या वर परवानगी. त्याच्याही बाहेर 400 फुटांपर्यंत मोकळं, जर ती जागा आणखी कुठल्या कारणाने नकाशावर रेड (उडवायला मनाई) किंवा यलो (परवानगी लागते) नसेल तर. आता सोलापूरचा विमानतळ होटगी रोडलाच आहे, म्हणजे आपलं जवळपास सगळं शहर 8 किलोमीटरच्या आतच येतं. आम्हा लोकांच्या डोक्यात हे कधी बसलंच नव्हतं, कारण वर्षानुवर्षं तिथं नियमित विमानच नव्हतं. मध्ये किंगफिशरची विमानं काही काळ आली, मग बंद. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांना अडसर ठरते म्हणून चाललेला वाद शहराने किती वर्षं बघितला, 15 जून 2023 ला ती पाडली, 9 जून 2025 ला गोव्याची सेवा सुरू झाली, ऑक्टोबरात मुंबईची. विमान सुरू झालं म्हणून पेढे वाटले, पण त्या दिवसापासून आपल्या डोक्यावरचं आभाळ बदललं हे ड्रोनवाल्यांना कुणी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही.

ज्या चिमणीसाठी एवढं झालं ती निदान एका जागी उभी होती, नकाशावर दाखवता येत होती, वैमानिकाला तिची उंची माहीत होती. ड्रोन कुठं उगवेल ते कुणालाच माहीत नसतं. विमान साधारण 3 अंशाच्या उताराने खाली येतं, म्हणजे धावपट्टीच्या टोकापासून 2 किलोमीटरवर असताना ते जेमतेम 120 मीटर उंचीवर असतं. लग्नाचा "ड्रोन पार वर घे की" म्हणून जो शॉट मागतात तो तेवढ्याच उंचीचा असतो. त्या संध्याकाळी तिथं विमान नव्हतं, पण ते बघूनच आमच्या पोराने उडवलं असं काही नव्हतं, त्याने विचारच केला नव्हता, मी चार महिन्यांपूर्वी त्याच्या जागी असतो तर मीही केला नसता.

दुसरं म्हणजे पायलट सर्टिफिकेट. 250 ग्रॅम ते 2 किलो म्हणजे मायक्रो ड्रोन. हौसेसाठी उडवला तर सर्टिफिकेट लागत नाही, पण पैसे घेऊन लग्न शूट करणं म्हणजे व्यावसायिक वापर, तिथं लागतं. त्याच्याकडे नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, आणि मी सहा वर्षं उडवला, हे ठाण्यात बसून मी कबूल केलं. तिसरं, थर्ड पार्टी विमा. नॅनो, म्हणजे 250 ग्रॅमपर्यंतचे, सोडून सगळ्यांना लागतो. पॉलिसी माझ्या नावाची, तीसुद्धा संपलेली. त्या खिडकीवर ड्रोन आदळला असता, काच फुटून बाळाला लागली असती, तर भरपाई द्यायला कोण उभं राहिलं असतं? हा प्रश्न अधिकाऱ्यांनी विचारला नाही, त्या मुलीच्या नवऱ्याने विचारला, आणि मला उत्तर देता आलं नाही. नियम मोडल्यावर दंड 1 लाखापर्यंत होऊ शकतो हेही तिथंच कळलं.

नाव कुणाचं, वस्तू कुणाची

ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो तो भाग हा आहे.

त्या पोराने 48 हजार दिले, त्याच्याकडे यूपीआयचे मेसेज होते, माझ्याकडेही होते, आमचं चॅट होतं. त्यामुळे उडवणारा मी नव्हतो हे सिद्ध व्हायला वेळ लागला नाही, जबाब घेतला, संपलं. पण आठवड्याभराने ड्रोन परत द्यायची वेळ आली तेव्हा तो माझ्याच हातात दिला, माझीच सही घेतली. कारण नोंद माझी. पैसे त्याचे, वस्तू माझ्या ताब्यात. तो बाहेर बाकावर बसलेला, आणि मी त्याच्यासमोरून बॉक्स घेऊन बाहेर आलो, त्याचं तोंड बघवत नव्हतं. समजा मी लबाड निघालो असतो आणि म्हणालो असतो की विकलाच नाही, भाड्याने दिला होता, तर? आणि उलट बाजूने, त्याने उद्या तो आणखी कुणाला विकला असता, त्या तिसऱ्याने यात्रेच्या गर्दीवर उडवला असता, तर पहिला फोन मलाच आला असता. यात्रेसारख्या वेळी पोलीस 96 तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन लावू शकतात, तेव्हा तर प्रकरण अजूनच भारी.

यूआयएन हा नुसता चिकटवायचा नंबर नाही. तो ड्रोनच्या सिरियल नंबरला, आतल्या फ्लाइट कंट्रोल मॉड्यूलच्या आणि रिमोटच्या सिरियल नंबरला जोडलेला असतो. यातलं काही बदललं तर पोर्टलवर अपडेट करावं लागतं. आमच्या पोराने मधल्या काळात रिमोट बदलला होता, जुना पडून फुटला म्हणून. म्हणजे पट्टीवरचा नंबर खरा, पण त्यामागची नोंद आता त्या वस्तूशी पूर्ण जुळत नव्हती. बाजारात काही जण एका ड्रोनचा नंबर छापून दुसऱ्यावर लावतात असंही कानावर येतं, आणि ते करणाऱ्याला वाटतं की आपण फक्त एक स्टिकर लावलंय. ते स्टिकर दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर आहे, एवढं तरी लक्षात घ्या.

मोठ्या विमानांचंही मूळ हेच आहे. आपल्याकडच्या प्रत्येक विमानावर व्हीटीने सुरू होणारी अक्षरं असतात, त्यामागं मालक कोण, भाड्याने कुणी घेतलंय याची नोंद असते, आणि ती नोंद हलल्याशिवाय मालकाला स्वतःचं विमान देशाबाहेर नेता येत नाही. गो फर्स्ट कंपनी मे 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा भाड्याने विमानं देणाऱ्या कंपन्या जवळपास वर्षभर कोर्टात होत्या, 26 एप्रिल 2024 ला दिल्ली हायकोर्टाने 54 विमानांची नोंदणी पाच कामकाजाच्या दिवसांत रद्द करा असं सांगितलं तेव्हा वाट मोकळी झाली. शेकडो कोटींची वस्तू नोंदणीच्या एका ओळीवर अडून राहते, मग आमचा 48 हजारांचा ड्रोन अडला यात नवल नव्हतं.

आवाजाचं काय केलं

कागदाचं निस्तरलं तरी त्या घराची मूळ तक्रार उभीच होती, आणि ती मला जास्त टोचत होती. प्रवासी विमानाला आवाजाचं वेगळं सर्टिफिकेट असतं, ते विमानातच ठेवतात, कुठल्या वजनाच्या विमानाने किती आवाज करावा याची आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरलेली आहे आणि नव्या विमानांसाठी ती कडक होत गेली आहे. आमच्या ड्रोनला असलं काही नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमात राहत्या वस्तीला दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल धरलेत, पण तीन-चार मिनिटं घोंघावणाऱ्या ड्रोनला ते कोण लावून बघणार. म्हणजे इथं कायद्याकडे बोट दाखवून सुटता येत नाही, उडवणाऱ्यानेच बघायचं.

ड्रोन हातात आल्यावर मी पहिल्यांदा पाती बघितली. चारातली तीन डुप्लिकेट, कडक प्लास्टिकची. एका पात्याच्या टोकाला नखाने फिरवून बघितलं तर खरबरीत लागलं, तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडालेला, डोळ्याला दिसतही नव्हता. असं पातं फिरताना हवा कापत नाही, फाडतं, आणि ते चारही बाजूंनी एकसारखं न राहिल्याने बॉडी थरथरते. कंपनीची नवी पाती मागवली.

मग रविवारी आम्ही दोघं मोहोळच्या पुढं पाहुण्यांच्या शेतात गेलो, विमानतळापासून भरपूर लांब. नान्नजकडचं शेत जवळ पडलं असतं पण तिथं माळढोकचं अभयारण्य आहे, तिकडं ड्रोन न्यायचाच नाही. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप लावलं. त्याचा आकडा खरा किती ते सोडून द्या, तो कॅलिब्रेट केलेला नसतो, पण एकाच फोनवर दोन आकड्यांतला फरक बघायला चालतं. जुन्या पात्यांवर 15 मीटर उंचीला ठेवला, मग 30 ला नेला, आकडा साधारण 6 ने उतरला. पुस्तकातही हेच आहे, अंतर दुप्पट केलं की 6 डेसिबल कमी. नवी पाती लावल्यावर आकडा फार हलला नाही, एक-दोन इतकाच, पण ती जी किरकिर कानात शिरत होती ती गेली, नुसती घोंघ राहिली. शेतातल्या मावशींना मुद्दाम पाठमोरं उभं केलं आणि विचारलं कुठला जास्त त्रासदायक, दोन्ही वेळा त्यांनी जुनी पाती ओळखली. आणि जागेवर थांबवून ठेवण्यापेक्षा एका दिशेने शांतपणे पुढं नेला तर खाली उभ्या माणसाला तो आला आणि गेला असं वाटतं, डोक्यावर बसल्यासारखं वाटत नाही.

पण 15 चा 30 मीटर केला तरी त्या बाळंतिणीच्या खिडकीचा प्रश्न सुटत नाही. उंचीवरून आवाज कमी आणि नजर जास्त, कॅमेऱ्यात अजून चार गच्च्या येतात. म्हणून शेजारच्या घरांना आदल्या दिवशी जाऊन सांगणं, वेळ सांगणं, नको म्हणाले तर त्या बाजूला न जाणं, याला पर्याय मला सापडलेला नाही.

पुढं काय झालं

ठाण्यात तक्रार अर्जावर चौकशी झाली, आम्ही दोघांनी लेखी दिलं, समज देऊन सोडलं. त्या घरी आम्ही दोघंही गेलो. त्या पोराने त्यांच्या समोर मेमरी कार्ड उघडून त्या तीन क्लिप दाखवल्या, खिडकीत काही दिसत नव्हतं, फक्त काचेवर मांडवाच्या लायटिंगचं प्रतिबिंब, तरी त्यांच्यासमोरच डिलीट केल्या. मुलीच्या आईने चहा दिला. मुलगी बाहेर आली नाही, आणि तिने यावं अशी अपेक्षा धरणंही बरोबर नव्हतं.

मग डी-3 भरला. आधी नव्या रिमोटचा सिरियल नंबर अपडेट केला, मग ट्रान्सफर. त्याचे कागद, माझे कागद, ओटीपी एकदा त्याच्या फोनवर एकदा माझ्या, एका दुपारचं काम. बॅटरीखालचं माझ्या स्टुडिओचं स्टिकर मी ब्लेडने खरवडून काढलं, डिंकाचा चौकोन अजून तिथं आहे. विक्रीचा साधा कागदही केला, तारीख, वेळ, सिरियल नंबर, दोघांच्या सह्या.

ड्रोन सध्या त्याच्या नावावर आहे पण माझ्या कपाटात आहे, त्याच्याच सांगण्यावरून. ट्रेनिंगची फी तो जमवतोय, निम्मी मी घालतोय कारण मी त्याला उडवायला शिकवलं आणि बाकी काहीच शिकवलं नाही. सर्टिफिकेट येईपर्यंत शहरातल्या लग्नांना तो वीस फुटी काठीवर कॅमेरा लावून वरचा शॉट घेतो, आणि कुणी "ड्रोन नाही का वो?" विचारलं तर विमानतळाकडे हात करून सांगतो.